कारखान्याचे गाव आणि मुलींचा संघ

२०१३ च्या जून महिन्यातली गोष्ट. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तेव्हा तपासणी विभागात होतो. एक जर्मन तंत्रज्ञ आठवडाभरासाठी आमच्याकडे आला होता. त्याच्या बॅगेला हिरवा-पांढरा बिल्ला होता आणि त्यावर इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षर. चहाच्या सुट्टीत मी विचारले तेव्हा तो फुलून सांगू लागला. यंदा आमच्या गावच्या संघाने लीग जिंकली, देशाचा चषक जिंकला आणि युरोपचाही. लंडनच्या अंतिम सामन्यात म्युलरने गोल केला.

वर्तमानपत्राचे क्रीडापान मी नेमाने वाचत असे. म्हणून ऐटीत म्हणालो, "म्हणजे बायर्न म्युनिकचा थॉमस म्युलर." तो हसला. "नाही. मार्टिना म्युलर. आमच्या गावच्या बायकांचा संघ."

त्या वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये दोन दिवसांच्या अंतराने युरोपातले दोन मोठे अंतिम सामने झाले होते आणि दोन्ही जर्मन संघांनीच जिंकले होते. २५ तारखेचा पुरुषांचा सामना मला पाठ होता. २३ तारखेचा बायकांचा सामना झाला, हेही मला ठाऊक नव्हते. त्याचे गाव म्हणजे वोल्फ्सबुर्ग. फोक्सवॅगनचे माहेर. ज्या कंपनीचा कारखाना २००९ मध्ये आमच्या निघोजे-खराबवाडीच्या माळावर उभा राहिला, ती कंपनी.

माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. ड्रॉइंगवरच्या जर्मन टिपा समजाव्यात म्हणून अप्पा बळवंत चौकातून एक जुना शब्दकोश आणला होता. त्या जूनपासून तो शब्दकोश दुसऱ्या कामाला लागला. एका कारखान्याच्या गावात बायकांचा एवढा मोठा संघ कसा तयार झाला, हा प्रश्न गेली बारा वर्षे माझ्या मागे आहे. त्याचे जे उत्तर सापडले ते सुरुवातीला वाटले होते त्याहून वेगळे निघाले. तेच इथे मांडतो आहे.

माळावर वसवलेले गाव

वोल्फ्सबुर्ग हे जुने जर्मन शहर नव्हे. १९३८ मध्ये नाझी राजवटीने मोटार कारखान्यासाठी ते मोकळ्या रानावर वसवले. त्याला धड नावही नव्हते. ज्या मोटारीसाठी ते वसले तिच्याच नावाने ते ओळखले जाई. युद्धाच्या काळात तिथे मोटारींऐवजी लष्करी सामान बनले आणि ते बनवायला पोलंड, सोव्हिएत रशिया आणि इतर देशांतून हजारो माणसे जबरदस्तीने आणली गेली. हा काळा भाग त्या शहराच्या पायातच आहे आणि तो वगळून तिथला कोणताही इतिहास लिहिता येत नाही.

१९४५ मध्ये ब्रिटिशांनी ताबा घेतला. जवळच्या जुन्या गढीवरून शहराला वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हीएफएल वोल्फ्सबुर्ग हे मंडळ स्थापन झाले. 'व्हीएफएल' या आद्याक्षरांचा अर्थ 'शारीरिक कसरतींचे मंडळ'. आपल्या भाषेत सांगायचे तर तालीम. पुढे साठच्या दशकात इटलीतून कामगार आले, त्यांनीही आपला वेगळा क्लब काढला. तो 'लुपो-मार्टिनी' या नावाने आजही खेळतो. लुपो म्हणजे इटालियन भाषेत लांडगा. गावाच्या नावातला 'वोल्फ' म्हणजेही लांडगाच. परक्या मुलखात पोटासाठी आलेल्या माणसांनी गावाचे नाव आपल्या भाषेत करून घेतले. चाकण चौकात संध्याकाळी उभे राहिले की बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ असे सगळे बोल कानावर येतात. तेव्हा मला हा क्लब आठवतो.

चाकणला संग्रामदुर्ग आहे, १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्तेखानाविरुद्ध झुंजवला. कांद्याचा मोठा बाजार आहे. म्हणजे कारखाने येण्याआधीही आम्हाला गाव होते. वोल्फ्सबुर्गला तेही नव्हते. मग तिथल्या माणसांनी पाळीच्या कामापलीकडचे 'गाव' कशातून उभे केले? मंडळांतून, असे म्हणावे लागते.

पंधरा वर्षांची बंदी

त्या मंडळांत बायकांना फुटबॉल मात्र खेळता येत नव्हता. ३० जुलै १९५५ रोजी जर्मन फुटबॉल महासंघाने आपल्या सदस्य मंडळांना बायकांचे संघ ठेवण्यास आणि त्यांना मैदान देण्यास मनाई केली. कारण काय, तर हा खेळ स्त्रीच्या शरीराला आणि मनाला मानवत नाही. आदल्याच वर्षी पश्चिम जर्मनीचा पुरुष संघ विश्वविजेता झाला होता आणि देशभर फुटबॉलचे वेड होते. मुलीही खेळू लागल्या होत्या, म्हणूनच मनाई करावी लागली.

हे एकट्या जर्मनीत घडले असे नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी डिक, केर या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या बायकांनी संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने बायकांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. म्हणजे कारखाना आणि बायकांचा फुटबॉल हे नाते जुने आहे, आणि ते तोडण्याची रीतही जुनीच आहे. खेळू नका असे सांगायची गरज नसते. मैदान दिले नाही की काम होते.

जर्मनीतली बंदी ३१ ऑक्टोबर १९७० रोजी उठली, तीही अटींसह. सामना कमी वेळाचा, चेंडू हलका, खिळ्यांचे बूट नकोत, आणि हिवाळ्यात मोठी सुट्टी. १९७४ मध्ये बायकांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. राष्ट्रीय संघाचा पहिला सामना व्हायला १९८२ उजाडले. १९८९ मध्ये तो संघ युरोपचा विजेता झाला, तेव्हा महासंघाने प्रत्येक खेळाडूला बक्षीस म्हणून चिनी मातीचा कॉफीचा संच दिला. आज जर्मनीत तो संच प्रदर्शनात ठेवण्याची वस्तू झाला आहे. लोक तो पाहून हसतात आणि ओशाळतातही.

वेंडशॉटची तीस वर्षे

माझा समज असा होता की फोक्सवॅगनसारख्या बलाढ्य कंपनीने एके दिवशी ठरवले, पैसे ओतले आणि संघ उभा केला. तसे झालेले नाही.

बंदी उठल्यावर वोल्फ्सबुर्गमध्ये बायकांचा फुटबॉल सुरू झाला तो आइनट्राख्त वोल्फ्सबुर्ग या एका दुसऱ्या, लहान मंडळात. त्याच संघाने १९८४ मध्ये जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तिथे त्यांना बेर्गिश ग्लाडबाख या गावच्या संघाने २-० असे हरवले. बेर्गिश ग्लाडबाख हा तेव्हाचा दादा संघ, नऊ वेळा राष्ट्रविजेता. पुढे वोल्फ्सबुर्गच्या बायकांनी वेंडशॉट या उपनगरातल्या मंडळात आसरा घेतला. वेंडशॉट हे मुळात खेडेगाव. १९७२ मध्ये ते वोल्फ्सबुर्ग शहरात सामील केले गेले, जशी आमची आजूबाजूची गावे वसाहतीत विरघळत चालली आहेत.

२००३ मध्ये हा तयार संघ व्हीएफएल वोल्फ्सबुर्गमध्ये आला. म्हणजे मोठ्या मंडळाने हात पुढे केला तेव्हा तीस वर्षांची मेहनत, खेळाडू आणि वरच्या लीगमधली जागा हे सगळे लहान मंडळांनी आधीच कमावलेले होते. मोठ्या नावाखाली आल्यावर लगेच सोन्याचे दिवस आले असेही नाही. २००५ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, वर्षभरात परत वर आला. २००७ मध्ये क्लबच्या फुटबॉल कंपनीची संपूर्ण मालकी फोक्सवॅगनकडे गेली. जर्मनीत सहसा असे चालत नाही. तिथल्या नियमानुसार क्लबचे बहुमत सभासदांच्या मंडळाकडेच राहावे लागते. वीस वर्षांहून अधिक काळ सलग पाठबळ देणाऱ्या कंपनीला मात्र सवलत आहे, आणि वोल्फ्सबुर्ग हे तिचे ठळक उदाहरण.

२००८ मध्ये राल्फ केलरमान प्रशिक्षक झाले. ते २०१७ पर्यंत त्या पदावर राहिले. एकाच माणसाला नऊ वर्षे काम करू देणे, ही गोष्ट माझ्या मते पैशाइतकीच महत्त्वाची होती.

तीन चषक आणि त्यानंतर

२०१२-१३ हा वोल्फ्सबुर्गच्या बायकांचा युरोपीय स्पर्धेतला पहिलाच हंगाम. आधी त्यांनी लीग जिंकली, मग पॉट्सडामला ३-२ ने हरवून जर्मन चषक. २३ मे रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर समोर होता ल्योनचा संघ, आधीच्या दोन्ही वर्षांचा युरोपविजेता. ७३ व्या मिनिटाला मार्टिना म्युलरने पेनल्टीवर एकमेव गोल केला. आमच्या पाहुण्याचा म्युलर तो हाच.

पुढच्या वर्षी लिस्बनमध्ये स्वीडनच्या ट्युरेसो संघाविरुद्ध मध्यंतराला ०-२ अशी पिछाडी होती. वोल्फ्सबुर्गने ती ४-३ अशी उलटवली, शेवटचा गोल पुन्हा म्युलरचा. कर्णधार नाडिन केसलर २०१४ ची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. गुडघ्याच्या दुखण्याने तिला लवकर थांबावे लागले आणि पुढे तिने युरोपीय फुटबॉल संघटनेत महिला फुटबॉलची धुरा घेतली.

या संघातली मला सर्वांत जवळची वाटते ती अलेक्झांड्रा पॉप. २०१२ मध्ये ती इथे आली. जर्मनीची कर्णधार झाली, ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. पण तिने फुटबॉलबरोबरच प्राणिसंग्रहालयातल्या रक्षकाचे रीतसर शिक्षणही पूर्ण केले. खेळ संपल्यावर काय, हा प्रश्न बायकांच्या खेळात पहिल्या दिवसापासून असतो. त्याची सोय क्लबनेच लावायची, शिक्षण आणि सराव यांचे वेळापत्रक जुळवून द्यायचे, ही तिथली रीत आहे.

आकडे थोडक्यात सांगतो. २०१३ ते २०२२ या काळात सात लीग विजेतेपदे. जर्मन चषक अकरा वेळा, त्यांतले दहा २०१५ ते २०२४ असे सलग. युरोपचा चषक दोनदा, आणि २०१६, २०१८, २०२० व २०२३ या चार अंतिम सामन्यांत हार. कोलोनमधल्या चषकाच्या अंतिम सामन्याला २०२३ मध्ये ४४ हजारांहून अधिक लोक आले. २०२२ च्या एप्रिलमध्ये बार्सिलोनात वोल्फ्सबुर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक होते. प्रेस्टनच्या कामगार बायकांनंतर एका शतकाने मैदाने पुन्हा भरली.

एकाच खांबावरचा तंबू

इथपर्यंत ही यशोगाथा आहे. पण इतर क्लबांचे काय झाले हे पाहिले की चित्र पालटते.

पॉट्सडामचा 'टुर्बिने' हा संघ १९७१ मध्ये पूर्व जर्मनीत वीज उद्योगाच्या कामगार मंडळातून निघाला, नावातच टर्बाइन आहे. बेर्न्ड श्र्योडर या प्रशिक्षकाने तो दशकानुदशके सांभाळला. पूर्व जर्मनीतली सहा आणि एकीकरणानंतरची सहा विजेतेपदे, शिवाय २००५ आणि २०१० मध्ये युरोपचा चषक. त्याच्यामागे मोठी कंपनी किंवा पुरुषांचा श्रीमंत क्लब नव्हता. २०२३ मध्ये तो वरच्या श्रेणीतून बाहेर पडला. चार वेळा युरोपविजेता ठरलेला फ्रँकफुर्टचा स्वतंत्र महिला क्लब २०२० मध्ये पुरुषांच्या आइनट्राख्त फ्रँकफुर्टमध्ये विलीन झाला. २००९ चा युरोपविजेता ड्युसबुर्ग २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. आणि लिस्बनमध्ये ज्यांनी वोल्फ्सबुर्गला घाम फोडला त्या ट्युरेसो संघाने त्या सामन्यानंतर काही आठवड्यांतच पैशाअभावी स्वीडनच्या लीगमधून माघार घेतली.

म्हणजे वोल्फ्सबुर्गचे यश हे बायकांच्या फुटबॉलमध्ये पैसा आल्याचे चिन्ह आहे, तसेच लहान स्वतंत्र मंडळांच्या अस्ताचेही. आणि आता तोच नियम वोल्फ्सबुर्गलाही लागू होतो आहे. २०२३ पासून सलग तीन वर्षे लीग बायर्न म्युनिकने जिंकली. लेना ओबरडोर्फसारखी खेळाडू २०२४ मध्ये तिकडेच गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फोक्सवॅगनने जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करण्याचा करार कामगार संघटनेशी केला. गाव एका कारखान्यावर आणि संघही त्याच कारखान्यावर. कारखान्याला शिंक आली की संघाला पडसे होणारच.

हे आपल्याला नवे नाही. मुंबईच्या फुटबॉलवर एके काळी मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, कॅलटेक्स अशा कंपन्यांच्या संघांचे राज्य होते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो व्यावसायिक संघ बंद केला. संघ हरत होता म्हणून नव्हे, धोरण बदलले म्हणून. त्याच सुमारास त्याच समूहाचा मोटारींचा कारखाना आमच्या चाकणला सुरू झाला.

याच्या उलट कोल्हापूर पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर खेळत आले. त्यांच्यामागे पेठ आहे, म्हणून ते टिकले. अर्थात ती तालीम पुरुषांची. पण पाया मजबूत असला की त्यावर दुसरी भिंत चढते. कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला, तो अशाच गावातून.

आपल्या अंगणात

भारतात बायकांच्या फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये लखनौला स्थापन झाली. १९८० मध्ये कालिकतला आपण आशियाई स्पर्धेत उपविजेते होतो. मग मोठी पोकळी आली. बायकांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१७ साल लागले.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई महिला चषक महाराष्ट्रात झाला. भारताने इराणशी बरोबरी केली आणि कोरोनाने खेळाडू आजारी पडल्याने यजमानांनाच माघार घ्यावी लागली. त्या स्पर्धेतले काही सामने बालेवाडीत झाले, चाकणपासून तासाभराच्या अंतरावर. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला. त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाविरुद्ध जिंकला. जुलै २०२५ मध्ये भारतीय मुलींनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून पुढच्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली.

पैशाची वाटही कायद्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, हेही कायद्यातच आहे.

मग अडते कुठे? इथे मला घरातली गोष्ट सांगावी लागेल. माझी पुतणी शाळेत फुटबॉल खेळायची, जिल्हा पातळीपर्यंत गेली. दहावीनंतर खेळ थांबला. कोणी बंदी घातली नाही. थोरले बंधू मला म्हणाले, "खेळू दे की, मी कुठं नाही म्हणतो? पण कुठं खेळणार, कोणाबरोबर?" गावच्या मैदानावर संध्याकाळी मुलांचे क्रिकेट असते. आज ती एका कारखान्याच्या लाइनवर पाळीने काम करते, तिच्यासारख्या कितीतरी मुली करतात. १९५५ च्या जर्मन ठरावाबद्दल मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, त्यांना निदान लिहून तरी दिलं होतं."

तिच्या या वाक्याने माझ्या बारा वर्षांच्या वाचनाला वळण दिले. तोवर मी विचार करत होतो की चाकणला एखादी कंपनी वोल्फ्सबुर्गसारखा संघ कधी काढेल. आता वाटते, हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला होता. कंपनी आली ती तीस वर्षांनी. आधी आइनट्राख्त होते, वेंडशॉट होते. कामावरून सुटून सरावाला येणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना आठवड्यातले काही तास मैदान देणारे एक मंडळ होते. कंपनीने तयार रोपाला पाणी घातले. जिथे रोप कंपनीनेच लावले आणि मुळे गावात गेली नाहीत, तिथे पाणी तोडताच ते वाळले, हे आपण मुंबईत पाहिले.

या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या गावच्या तरुण मंडळाकडे मी एक अर्ज दिला. मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड तास, फक्त मुलींसाठी राखून ठेवावे. मंडळाच्या बैठकीत कोणी विरोध केला नाही. एकाने एवढेच विचारले, "नाना, पण मुलींची टीम आहे कुठं?" प्रश्न रास्त होता. पुतणीने आपल्या पाळीतल्या मैत्रिणींची आणि शेजारच्या शाळकरी मुलींची यादी केली आहे. मी ती अर्जाला जोडली.

सध्या यादीत नऊ नावे आहेत. अकरा लागतात.